फोनचं भाकीत शेवटच्या मालकाला विचारा

हवामान खात्याचा अंदाज चुकला की कोकणात त्याची सालटं निघतात. ऑरेंज अलर्ट दिला आणि दिवसभर ऊन पडलं, तर शाळांना सुट्टी देणाऱ्या कलेक्टरपासून खात्याच्या संचालकापर्यंत कुणाची खैर नसते. तरी ते खातं वादळ सरल्यावर अहवाल काढतं आणि आपण सांगितलेली जागा व वादळ धडकलं ती जागा यांत किती किलोमीटरचं अंतर पडलं, ते त्यात छापतं. मोबाईलची भाकितं करणाऱ्यांना असला जाच नाही. डिसेंबर उजाडला की सगळ्यांना जानेवारीत लास वेगासला भरणाऱ्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनाचे वेध लागतात. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपासून यूट्यूबवरच्या पोरांपर्यंत जो तो 'येत्या वर्षी फोनमध्ये काय येणार' हे सांगायला बसतो. ते ओसरतं न ओसरतं तोच बार्सिलोनाचं मोबाईल प्रदर्शन येतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. गेल्या वर्षी सांगितलेल्यातलं किती खरं ठरलं, हा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून कुणी देतही नाही.

भाकितं चुकतात याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती कुणाकडे बघून केली जातात याबद्दल. सगळं बोलणं फोनच्या पहिल्या मालकाला धरून चालतं. म्हणजे जो दुकानात जाऊन खोकं फोडतो, दोन वर्षं वापरतो आणि पुढचा घेतो, तो. कोकणात फोनचा शेवटचा मालक राहतो. त्याच्या बाजूने बघायला सुरुवात केली तर भाकीत जास्त बरं जमेल, आणि कंपन्यांकडे व सरकारकडे नेमकं काय मागायचं तेही कळेल.

मुळात ही भाकितं तयार कशी होतात ते बघा. फोनचं नवं मॉडेल काही महिन्यात जन्माला येत नाही. चिप कुठली, स्क्रीन कुणाकडून, कॅमेरा किती जाड हे वर्ष-दीड वर्ष आधी ठरलेलं असतं. प्लास्टिकची कव्हरं करणाऱ्या कारखान्यांकडे फोनची मापं प्रदर्शनाच्या कितीतरी आधी पोचलेली असतात, आणि तिथूनच ती फुटतात. निवडक पत्रकारांना कंपन्या आधीच सगळं दाखवतात, अमुक तारखेपर्यंत तोंड उघडायचं नाही या अटीवर. मग 'यंदा स्क्रीन तीन घड्यांची होणार' असं कुणी छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्याने भविष्य वर्तवलेलं नसतं, माल सुटायची वेळ सांगितलेली असते. त्यात गैर काही नाही. फक्त त्याला भाकीत म्हणून आपण माना डोलावू नयेत.

खरं भाकीत म्हणजे यातलं काय टिकेल हे सांगणं, आणि तिथे या प्रदर्शनांचा इतिहास फारसा उजळ नाही. सीईएस १९६७ साली न्यूयॉर्कला सुरू झालं. त्याच्या मंचावरून घराघरांत पोचलेल्या वस्तू आहेतच, नाही असं नाही. पण २००७ च्या जानेवारीत सगळं जग लास वेगासला जमलेलं असताना, त्याच आठवड्यात, ९ तारखेला, ॲपलने पहिला आयफोन दाखवला तो सॅन फ्रान्सिस्कोला, आपल्या वेगळ्या कार्यक्रमात. पुढच्या पंधरा वर्षांचा फोन कसा असणार हे ज्या वस्तूने ठरवलं, ती त्या मंडपात नव्हतीच. २०१० मध्ये जिकडेतिकडे चष्मा लावून बघायचे थ्रीडी टीव्ही होते. २०१७ पर्यंत शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही ते बंद केले. २०२१ च्या जानेवारीत एलजीने स्क्रीन गुंडाळत जाणारा फोन दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एप्रिलमध्ये कंपनीने फोनचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. २०२४ ला रॅबिट नावाची नारिंगी डबी आली. फोनवरची सगळी कामं ही एआय डबी बोलून करून देणार, असा बोलबाला. पहिल्या हप्त्याचा माल हातोहात खपला आणि वसंतात लोकांच्या हातात पडल्यावर कळलं की यातलं बरंचसं फोनच जास्त बरं करतो. नव्याचे नऊ दिवस, तेसुद्धा पुरते भरले नाहीत.

या यादीतलं एक उदाहरण आम्हाला जवळचं आहे. २०२३ च्या सीईएसला फोनच्या चिप करणाऱ्या क्वालकॉमने जाहीर केलं की अँड्रॉइड फोनवरून थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतील, इरिडियम कंपनीच्या उपग्रहांच्या मदतीने. टॉवर नको, रेंज नको. किनाऱ्यावरच्या माणसाला यात काय दिसलं असेल ते सांगायला नको. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या होड्या समुद्रात होत्या आणि त्यांना परत बोलवायला किनाऱ्याच्या हातात फारसं काही नव्हतं. आजही किनारा सोडून काही मैल गेलं की मोबाईल म्हणजे खिशातलं ओझं. क्वालकॉमची ती योजना त्याच वर्षी नोव्हेंबरात मोडली, कारण एकाही मोठ्या कंपनीने आपल्या फोनमध्ये ती घातली नाही. ॲपलची उपग्रहावरून मदत मागायची सोय २०२२ पासून अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे तर परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणं हाच गुन्हा. सुरक्षेच्या कारणाने केलेला नियम आहे, मुंबईवरचा हल्ला समुद्रातूनच आला होता, त्यामुळे तो समजण्यासारखा आहे. पण लास वेगासच्या भाकितात तो कुठे येतो? तिथे 'जग' म्हणजे जिथे परवानगी आहे ती जागा.

आणि समुद्रातल्या माणसापर्यंत पोचणारी वस्तू आली ती कुठून? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मच्छीमार बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे निरोप घेणारी-पाठवणारी पेटी, बसवायच्या योजनेचा देशभरासाठी आरंभ झाला. इस्रोचं तंत्रज्ञान, सुमारे ३६० कोटींचा खर्च, एक लाख बोटींचं उद्दिष्ट. बोट समुद्रात असताना दोन्ही बाजूंनी निरोप जाऊ-येऊ शकतो. बंदराला विरोध आणि पाठिंबा यांच्या गदारोळात त्या दिवशी या पेटीकडे फारसं कुणी बघितलं नाही. कुठल्याही गॅजेट चॅनलवर तिचं 'अनबॉक्सिंग' झालेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. बोटींवर ती किती बसली, बसवलेल्यांपैकी किती चालू आहेत, याचा पाठपुरावा व्हायला हवा, आणि तो स्थानिक पत्रकारांनी करायला हवा. कोकणातल्या माणसासाठी ती वर्षातली सगळ्यात मोठी मोबाईल-बातमी होती, आणि आमचे गॅजेटवाले त्या वेळी पुढच्या आयफोनच्या रंगांवर बोलत होते.

खालून वर आलेल्या गोष्टींचं हे नेहमीचंच आहे. २००३ चा नोकिया ११०० आठवा. डोक्यावर बॅटरीचा दिवा आणि धूळ न शिरणारी बटणं. भारतासारख्या बाजाराकडे बघून केलेला तो फोन जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. दोन सिमचा फोन आपल्याकडे रुजला तो चिनी आणि देशी कंपन्यांमुळे, नोकियाला शहाणपण यायला २०१० उजाडावं लागलं. कोकणात दोन सिम ही चैन कधीच नव्हती. खाडीच्या अलीकडे एका कंपनीची रेंज, पलीकडे दुसऱ्या कंपनीची, आणि घाटात कुणाचीच नाही.

त्याहून ताजं उदाहरण हर्णैच्या लिलावात दिसतं. संध्याकाळी होड्या लागतात, पाण्यातून बैलगाड्या म्हावरं घेऊन वाळूवर येतात, टोपल्या ओतल्या जातात आणि बोली सुरू होते. त्या कालव्यात किरकोळ विक्रीला बसलेल्या एखाद्या मावशीच्या पाटीशेजारी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला स्पीकर असतो. पिशवी का, तर खवले आणि खारं पाणी उडतं म्हणून. पापलेटचे पैसे आले की तो पिशवीतूनच मराठीत ओरडून सांगतो, किती मिळाले ते. मावशीचे हात ओले, नजर गिऱ्हाइकावर, फोन कमरेच्या बटव्यात. तिला स्क्रीन बघायचीच नाही. यूपीआय २०१६ चं, ही बोलकी पेटी २०१९ च्या आसपासची. भारतातल्या बाजाराची नस ओळखून केलेली ही गेल्या दहा वर्षांतली सर्वांत यशस्वी मोबाईल-वस्तू असावी, असं माझं मत आहे. लास वेगासच्या कुठल्या पूर्वअंदाजात ती असणं शक्यच नव्हतं. असा अंदाज करायला कुणीतरी वाळूवर उभं राहून ओले हात बघायला हवे होते.

आता शेवटच्या मालकाकडे येतो. कोकणातल्या गावात नवा फोन दोन वाटांनी येतो. एक तालुक्याच्या दुकानातून हप्त्यावर, आणि दुसरी मुंबईहून. गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी येतो, तेव्हा त्याच्या बॅगेत त्याचा जुना फोन असतो. स्वतःला सेलमध्ये नवा घेतलेला, म्हणून हा आईला. आईचा त्याहून जुना मग शेजारच्या वहिनीला, नाहीतर बागेतल्या राखणदाराला. लास वेगासला जानेवारीत झळकलेली वस्तू गावच्या पडवीत यायला तीन-चार भाद्रपद लागतात. येते तेव्हा तिची बॅटरी दमलेली असते, कंपनीकडून मिळणारी अपडेट बंद झालेली किंवा होत आलेली असतात, आणि तिच्यावर आता मुलाच्या व्हिडिओ कॉलच्या जोडीला बँक, गॅसचं बुकिंग, रेशनचं केवायसी आणि डॉक्टरचा नंबर असं सगळं लादलं जाणार असतं. फोनच्या आयुष्यातली सर्वांत जबाबदारीची वर्षं ही शेवटचीच, आणि कंपनीने त्याच्यावरून हात काढून घेतलेली वर्षंही तीच.

दापोलीच्या बाजारात एका मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत बसलो होतो. किनाऱ्याकडच्या गावातून आलेल्या एक काकी मुलाने दिलेला फोन घेऊन उभ्या. चार्ज होत नाही, पाण्याचा थेंब दाखवतो आणि टूं टूं करतो. "काकी, पाणी घातलंत काय ह्यात?" टपरीतल्या पोराने विचारलं. "पाणी कशाला घालीन रे बाबा! ओटीवर असतो, उशाशी असतो." त्याने गरम हवेचा फुंकारा मारून मागची काच सैल केली, प्लास्टिकची पट्टी फिरवून ती उचलली आणि खालचा छोटा सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंगचा बोर्ड, काढून भिंगाखाली धरला. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट साय धरलेली. "वाऱ्याने खाल्लीन," तो म्हणाला, आणि आयपीएच्या, म्हणजे साफसफाईच्या अल्कोहोलच्या, बाटलीत ब्रश बुडवून घासायला लागला. घासून भागलं नाही. बोर्ड बदलला, काही शे रुपयांत काम झालं. काच परत चिकटवताना तो काकींना म्हणाला, "आता हा पाण्यात नको हां, आता ह्याची हमी नाय." वर्षभर समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलं तर असं होतं. प्रदर्शनात ज्या आयपी ६८ चा, म्हणजे पाणी-धूळ न शिरण्याच्या शिक्क्याचा, डंका पिटतात, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, ठरलेल्या खोलीची, ठरलेल्या वेळेची आणि नव्याकोऱ्या फोनवरची. कंपन्यांच्या बारीक अक्षरातल्या अटीत तसं लिहिलेलंही असतं, आणि पाणी गेलं तर वॉरंटी नाही हेही त्याच अटीत. २०२४ च्या अखेरीस पंधरा हजारांच्या आसपासच्या फोनला आयपी ६९ म्हणजे जोराच्या गरम फवाऱ्याची चाचणी आली, तेव्हा आमच्याकडच्या दुकानांतही बादलीत बुडवलेले फोन दिसले. गंमत म्हणून बरं आहे. बादलीत कुणी मीठ घातलेलं मात्र बघितलं नाही.

त्या पोराचं म्हणणं मला भाकितापेक्षा मोलाचं वाटलं. साध्या फोनचा सीसी बोर्ड वेगळा असतो म्हणून तो वाचतो. स्क्रीन, म्हणजे त्यांच्या भाषेत कॉम्बो, गेली तर दोन-तीन वर्षं जुन्या मॉडेलला अस्सल मिळत नाही, आणि मिळाली तर जुन्या फोनच्या किमतीइतकी पडते. काही कंपन्यांच्या फोनला बाहेरचा पार्ट लावला की स्क्रीनवर 'ओळख पटत नाही' म्हणून सूचना येते. घडीच्या फोनला तो हात लावत नाही. जितका फोन पातळ, तितका गोंद जास्त. तो तक्रार म्हणून बोलत नव्हता, धंद्याची रीत सांगत होता. पण 'फोन अजून पातळ होणार' या आनंदाच्या बातमीचा आमच्याकडचा अर्थ त्यात पुरेपूर होता.

सिमचंही तसंच. अमेरिकेत २०२२ पासून आयफोनला सिमचा खण नाही, आणि २०२५ च्या आयफोन एअरला तो जगात कुठेच नाही. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, सोयीचं आहे, परदेशी फिरणाऱ्याला तर फारच. पण गावात फोन बुडाला, पडला, बंद पडला की आपण काय करतो? पिन नसली तर कानातलं काढून त्याच्या टोकाने खण उघडतो, सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालतो, ओटीपी येतो, काम होतं. यात इंटरनेट लागत नाही, कंपनीचं दुकान लागत नाही. ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायला चालू नेट हवं, बऱ्याचदा जुना फोन हातात चालू हवा, नाहीतर कंपनीचं केंद्र गाठायला हवं, आणि ते तालुक्याला किंवा जिल्ह्याला. पुरात, वादळात यातलं काहीच नसतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरांच्या पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा शहराशी संपर्कच तुटला होता. अशा वेळी एका सिमला चार फोन आणि एका फोनला चार सिम ही अडाण्यांची जुगाडबाजी वाटत असेल त्यांना वाटो.

वादळाचा विषय निघालाच आहे तर रेडिओवरही बोलायला हवं, कारण त्याइतका साधा आणि त्याइतका बेदखल झालेला मुद्दा दुसरा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब उन्मळले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेल संपलं की मोबाईल नुसता दिवा दाखवायच्या कामाचा. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हाही वीज गेली. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकदम कर्कश आवाज होऊन चाचणीचा संदेश आला होता, आठवत असेल. सेल ब्रॉडकास्ट म्हणतात तिला. एकाच वेळी टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनना इशारा जातो, गर्दीने तो अडकत नाही. चांगली सोय आहे. पण ती वादळाच्या आधी कामाची. टॉवर मेला की तीही मेली. त्यानंतर उरतो तो लांबून येणारा रेडिओ.

आणि फोनमध्ये रेडिओ होता! स्वस्तातल्या फोनला तो अजूनही असतो. एफएम ऐकायला वायरचा हेडफोन लागतो, कारण त्याची वायर म्हणजेच अँटेना. २०१६ ला आयफोनने हेडफोनचं भोक काढलं, मागोमाग इतरांनी काढलं, आणि महागड्या फोनांतून एफएम गेलं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोन बनवणाऱ्यांच्या संघटनांना सूचना केली, की एफएमची सोय बंद करू नका, आपत्तीत ती लागते. सूचनाच, सक्ती नव्हे. चार-पाच वर्षांपूर्वीचा महागडा फोन मुंबईहून गावच्या आईकडे येतो, तेव्हा तिच्या आधीच्या साध्या फोनमधला रेडिओ जातो. आकाशवाणीची रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग केंद्रं अजून बोलतात, फक्त ऐकायचं कशावर हा प्रश्न. कुठल्याही प्रदर्शनाच्या आधी 'यंदा एफएम परत येणार का' असं कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. विचारलं तर हसतील, एवढीच भीती असावी.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. कोकणातल्या पोराने काय आयुष्यभर टॉर्चचा फोन वापरायचा? देवरुखच्या कॉलेजातल्या मुलीला घडीचा फोन हवासा वाटला, तर तिला पूर आणि वादळं ऐकवायची? मुळीच नाही. तिला चांगला कॅमेरा हवा, रील करायला फोन हवा, त्यात काही वावगं नाही. बाजार आपणहून खालच्याला काही देतही नाही असं नाही. सात हजार एमएएचची बॅटरी २०२५ मध्ये मध्यम किमतीच्या कितीतरी फोनमध्ये आली, कुणी कायदा केला नव्हता. महावितरणच्या गिऱ्हाइकाला ही बातमी तीन घड्यांच्या स्क्रीनहून मोठी. बाजार देतो ते पहिल्या दिवशी दुकानात दिसणारं. बॅटरी दिसते, कॅमेरा दिसतो, आयपीचा शिक्का दिसतो. चौथ्या वर्षी पार्ट मिळेल का, अपडेट येईल का, हे खोक्यावर दिसत नाही, म्हणून त्यावर फारशी स्पर्धाही होत नाही.

ते दिसायला लावणारं कुणीतरी लागतं. म्हणूनच, येत्या दोन-तीन वर्षांत फोन कसा असेल याचा नेम धरायचा असेल तर मी लास वेगासपेक्षा ब्रुसेल्सकडे बघतो. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबर अखेरीपासून टाइप-सी सक्तीचं केलं, त्याच्या आधीच आयफोनने मान तुकवली आणि आज घरातल्या सगळ्यांना एक चार्जर पुरतो. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनला निदान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ऐंशी टक्के टिकणारी बॅटरी बंधनकारक आहे. फोनसोबतच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणीही द्यावी लागते. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, काही सवलती सोडून. तेव्हा माझं भाकीत लिहून ठेवा: बॅटरी बदलता येणारे फोन परत येतील आणि त्याला कुठल्याही मंचावरची कल्पकता कारण नसेल. त्यात आता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्याने २०२५ च्या अखेरीपासून मेमरी महागली आहे. फोन महागले की लोक जुनाच अधिक वर्षं वापरतील, म्हणजे चाकरमान्याच्या बॅगेतून गावी येणारा फोन आणखी म्हातारा असेल. एआयचं म्हणाल तर मंचावर सर्वांत जास्त तेच असेल आणि पडवीत सर्वांत कमी, जोवर ते नेटशिवाय चालत नाही आणि आजीचं बोलणं तिच्याच बोलीत समजून घेत नाही.

आपल्याकडे हे अगदीच शून्यावर आहे असं नाही. ग्राहक व्यवहार विभागाचं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ २०२२ च्या अखेरीस आलं. २०२५ मध्ये त्याच विभागाच्या समितीने मोबाईलसारख्या वस्तूंना दुरुस्ती निर्देशांक द्यावा अशी शिफारस केली, फ्रान्सने २०२१ मध्ये केलं तसं. शिफारशीला कायद्याचं बळ मिळायला हवं, आणि निर्देशांक ठरवताना दिल्लीच्या कोरड्या हवेबरोबर रत्नागिरीची खारी हवाही धरायला हवी. दुरुस्तीचा हक्क म्हणजे फक्त कंपनीच्या अधिकृत केंद्राचा पत्ता, असं होऊन चालणार नाही. ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि दापोलीहून रत्नागिरीला एसटीने जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एक रोजगार. टपरीतल्या पोराला अस्सल पार्ट विकत मिळायला हवा आणि तो लावला म्हणून फोनने कुरकुरू नये.

येत्या जानेवारीत आपले मराठी यूट्यूबवाले लास वेगासला जातील, काहीजण कंपन्यांच्या खर्चाने. त्यांनी जावं, मजा करावी. मंडपात नवा फोन हातात घेतला की कंपनीच्या माणसाला चार प्रश्न मराठी प्रेक्षकांच्या वतीने विचारावेत. अपडेट कुठल्या साली, कुठल्या महिन्यात थांबणार? चार्जिंगचा बोर्ड वेगळा आहे का, आणि तो तुमच्या केंद्राबाहेर विकत मिळेल का? सिमचा खण आहे का? एफएम आहे का? उत्तर मिळालं तर तेच व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात दाखवा. उत्तर द्यायचं टाळलं, तर ते टाळतानाचं चित्रण न कापता दाखवा.